भूपाळी संपेपर्यंत कुशीवर

नगारखान्यात सकाळ कधी एकदम आली नाही. आधी पूर्वेकडच्या लाकडी जाळीच्या कडा तेवढ्या करड्या होत. जाळीतले चौकोन मात्र बराच वेळ रात्रीच्याच मालकीचे राहत. मग केव्हातरी, आपलं लक्ष नसताना, त्या चौकोनांत पोफळींचे शेंडे उमटत. धुकं असलं की ते शेंडे कुठल्याच झाडाचे वाटत नसत, नुसतेच हवेत टांगलेले दिसत. जांभ्याची भिंत आपला रंग आठवून पाहावा तशी हळूहळू तांबूस होऊ लागे. उजेडाचा पहिला स्पर्श व्हायचा तो चौघड्याच्या तांब्याच्या पोटाला. तिथे नखाएवढा एक ठिपका पेटायचा आणि तात्यांची टिपरी पडली की थरथरायचा. तिथून तो फळ्यांच्या जमिनीवर उतरे, फटींत साठलेली धूळ कणाकणानं उठवी, तिच्याशी थोडा वेळ खेळल्यासारखं करी, आणि सगळ्यात शेवटी माझ्या बोटांवर येई. त्या उजेडात नवल करावं असं काही नव्हतं. तो रोज यायचा. आम्ही नसतो तरी आला असता. पण तो बोटांवर येऊन टेकला की मला वाटायचं, आता थांबावं आणि हे नुसतं पाहत बसावं.

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी मी खरोखरच थांबलो. म्हणजे मी थांबवलं नाही. वाजवणंच माझ्या कानातून निसटून गेलं.

भूपाळी वरच्या सुरावर पोहोचली होती. मी दम लावला, गाल फुगवले, आणि सनईच्या शेजारी दुसराच एक सूर उठला. बारीक, ओला, उकळत्या किटलीच्या तोंडातून यावा तसा.

तात्यांची टिपरी थांबली. "कोण रे शिट्टी मारतोय?"

"मी नाही, तात्या."

"मग काय देव मारतोय? वाजव पुन्हा."

मी पुन्हा वाजवलं. शिट्टी पुन्हा आली. तात्या गुडघ्यांवर सरकत माझ्या डाव्या बाजूला आले, मान वाकडी करून ऐकू लागले आणि एकदम मागे हटले.

"मेल्या, तुझ्या कानातनं वाजतंय हे!"

मी कानाला हात लावला. बोटं ओली झाली.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आम्ही केळशेतचे गुरव. रवळनाथाला पहाटे सनई-चौघड्यानं जागं करायचं, ही आमच्या घराण्याची चाकरी. चौघडा तात्यांकडे होता. सनई आजोबांकडून माझ्याकडे आली होती, जशी त्यांची उंची आली, त्यांचं नाक आलं. ती मला हवी का, असं कुणी विचारलं नव्हतं. नाकाबद्दल तरी कोण विचारतं? सूर धरणारे शिवाकाका वारल्यापासून आम्ही दोघंच वर चढत होतो.

डावा कान लहानपणापासून फुटायचा. थंडी पडली की वाहायचा, उन्हाळ्यात सुकायचा. घरात त्याची दखल ऋतूसारखी घेतली जाई. त्या दिवशी मात्र तात्यांनी तो मनावर घेतला. खोबरेलात लसूण जाळून त्यांनी ते कोमट तेल माझ्या कानात ओतलं. आई चुलीपासून म्हणाली, "अहो, फोडणी द्यायची तर आमटीला द्या." तात्यांनी लक्ष दिलं नाही. चार दिवसांत कान असा वाहू आणि वास मारू लागला, की भजनाला माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी राहू लागली.

मग देवस्थान कमिटीचे अध्यक्ष अण्णा खोत आमच्या अंगणात येऊन बसले. अण्णा मनानं मोठे आणि देहानं त्याहून मोठे. आमच्या बाकाला दोन्ही गोष्टी जाणवत.

"तात्या, मी काही यंत्रवाला माणूस नव्हे," ते म्हणाले. "पण माघातल्या उत्सवाला मुंबईची मंडळी येणार. त्यांनी पाठवलेलं ते खोकं सभामंडपात पडलंय. बटण दाबलं की नगारा, घंटा, झांज, सगळं आपोआप. सनईसुद्धा त्याच्या पोटात भरलेली. मी म्हटलं, आमच्याकडे हाडामांसाचे गुरव आहेत, खोकं राहू दे बांधलेलं. आता गुरवच शिट्ट्या मारायला लागला तर मी काय तोंड दाखवू?"

"कान फुटलाय पोराचा. होईल बरा."

"होऊ दे. उत्सवापर्यंत मी थोपवतो. पण सनई खंडली, तर मंडळी खोकं उघडणार. आणि एकदा उघडलं की तात्या, ते पुन्हा बांधून ठेवत नाहीत."

अण्णा गेल्यावर तात्या बराच वेळ अंगणातल्या रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी, त्याआधीच्या ज्या कुणाची नावंही आता घेतली जात नाहीत त्यांनी, ज्या जागेवर बसून देवाला हाक मारली, ती जागा एका बटणाला जाणार होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते मला तालुक्याला घेऊन गेले.

कानाच्या डॉक्टर फणसळकर या ठेंगण्या, हसऱ्या बाई होत्या. कपाळावर दिवा बांधून त्यांनी माझ्या कानात पाहिलं आणि लगेच तात्यांकडे पाहिलं.

"तेल कुणी घातलं?"

तात्या छताकडे बघू लागले.

"घातलं ते घातलं. आता परत नाही. पडद्याला भोक आहे याच्या. मोहरीएवढं."

"सनईला पुरेशी भोकं आहेत की," तात्या हताशपणे म्हणाले, "हे आणखी कशाला?"

बाई मोठ्यानं हसल्या. "तुम्ही काय वाजवता?"

"चौघडा."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. चौघडा भिजला तर त्याचं कातडं तसंच ओलं दुरुस्त करायला घेता का?"

"छे! आधी सुकवायला पाहिजे."

"तेच. आधी कान सुकवायचा. सुकला की एवढंसं भोक कधी कधी आपणहून मिटतं. नाही मिटलं तर पुढचं पुढे." त्यांनी एक छोटी बाटली माझ्या हातात ठेवली. "हे थेंब. सकाळ-संध्याकाळ. बाटली आधी मुठीत धरून ऊब द्यायची. कान वर करून कुशीवर पडायचं, थेंब घालायचे, आणि कानासमोरचं हे छोटं टोक दोन-तीनदा दाबायचं, म्हणजे औषध आत उतरतं. लगेच उठायचं नाही. घशात कडू लागलं तर घाबरू नका. भोकातून ते तिथे जातं. भोक मिटलं की कडू लागायचं थांबेल. अंघोळीला कापूस. आणि फुंकायचं नाही."

"फुंकायचं नाही म्हणजे," तात्या म्हणाले, "मुळीच नाही?"

"मुळीच नाही. नाक शिंकरायचं तेही बेतानं."

"मग देवाला उठवणार कोण?"

"त्याच्यावर माझ्याकडे थेंब नाहीत," बाई म्हणाल्या.

परतीच्या एसटीत तात्या पुढच्या बाकाच्या दांड्यावर बोटांनी ठेका वाजवत राहिले. मी खिडकीशी बसून ती बाटली मुठीत धरून होतो. मला उदास व्हायला हवं होतं. खिडकीबाहेर काजूच्या बागांवर ऊन पडलं होतं आणि मला, कारण कळत नव्हतं, सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं.

पुढचे काही दिवस पहाटे नुसताच चौघडा वाजला. कुणीतरी दार ठोठावतंय आणि आतून ओ येत नाही, तसं ते ऐकू यायचं. दुकानावर, पाणवठ्यावर लोक विचारू लागले. तात्या चिडचिडे झाले.

इथे माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, वैजूबद्दल सांगायला हवं. सनईच्या तोंडाशी जी पत्ती असते, जिच्या कंपातून सगळा आवाज जन्मतो, ती भिजवणं, तासणं, दोऱ्यानं बांधणं हे आमच्याकडे घरातल्या बायकांचं काम. पण बांधलेली पत्ती बोलते की नाही, हे फुंकल्यावाचून कळत नाही. त्यामुळे पत्ती पारखण्यापुरतं फुंकायला मुलींना मुभा होती. वैजू लहानपणापासून पत्त्या पारखत आली होती, आणि एकेक पत्ती पारखायला तिला अख्खी भूपाळी लागायची.

त्या संध्याकाळी तात्या पडवीत पान जुळवत बसले होते. माजघरातून सनई सुरू झाली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. वरच्या सुरावर ती गेली आणि तिथे, खाली यायची काही घाई नसल्यासारखी, रेंगाळली.

"दिगू!" तात्या गरजले. "फुंकू नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना? कानाची वाट लावून घेतोस काय?"

मी त्यांच्या मागेच उभा होतो, कानात कापूस घालून. "मी नाही, तात्या."

तात्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग माजघराच्या दाराकडे पाहिलं. सनई चालूच होती. हातातलं पान त्यांनी खाली ठेवलं. भूपाळी संपेपर्यंत ते हलले नाहीत.

वैजू पत्ती पुसत बाहेर आली. "ही चांगली बांधली गेलीय," ती म्हणाली, आणि आमचे चेहरे पाहून थबकली. "काय झालं?"

"काही नाही," तात्या म्हणाले. आणि मग, कुणालाच न उद्देशून म्हणाले, "बाईमाणूस नगारखान्यात चढलेलं माझ्या बघण्यात नाही."

"मग बघू नका," वैजू म्हणाली. "तुमचं तोंड तसंही चौघड्याकडेच असतं."

आईनं आत भांडं आपटलं; ते हसू दाबण्यासाठी होतं.

"अंधारात वर चढायचं," तात्या शेवटी म्हणाले. "शाल घेऊन. आणि देवळात माणूस नाही असं मी सांगीन, तेव्हाच उतरायचं. दिगूनं बरोबर यायचं. लोकांनी दिगूला उतरताना पाहिलं पाहिजे."

अशा रीतीनं मी काहीही न वाजवता वाजवू लागलो.

पहिल्या पहाटे फजिती झाली. थेंबांची वेळ तीच होती, म्हणून बाटली बरोबर आणली होती आणि ती थंडगार जाळीत ठेवली होती. मुठीत धरून ऊब द्यायची, हे आम्ही दोघंही विसरलो. मी कुशीवर पडलो, वैजूनं थेंब सोडले, आणि त्याच क्षणी जाळी, चौघडा, तात्या, सगळं गरगर फिरू लागलं. मी खांबाला मिठी मारली.

"तात्या! नगारखाना फिरतोय!"

"इतकी वर्षं तो कुठे गेला नाही," तात्या टिपऱ्या उचलत म्हणाले, "आज तुझ्यासाठी कशाला फिरेल? पडून राहा."

वैजू हसत सुटली. हसताना सनई फुंकता येत नाही. त्या दिवशी देव थोडा उशिरा उठला.

दुसऱ्या दिवसापासून ती बाटली मुठीत धरून वर चढू लागली. माझ्या कानात थेंब घालायची, कानासमोरचं टोक दाबायची, विचारायची, "कडू?" मी तोंड वेडंवाकडं करून मान हलवायचो. मग ती सनई उचलायची आणि बजावायची, "भूपाळी संपेपर्यंत हलू नकोस." नगारखान्यात घड्याळ नव्हतं, तिला दुसरं माप ठाऊक नव्हतं. मी हात रिकामे ठेवून काय करायचं, म्हणून तात्यांनी भजनी मंडळाची सूरपेटी आणून माझ्या छातीशी ठेवली. पडल्या पडल्या मी एका हातानं तिचा भाता हलवत राही. शिवाकाका गेल्यापासून पोरकी झालेली सनई पुन्हा सुराच्या अंगाखांद्यावर खेळू लागली.

उजवा कान चटईवर, डावा कान औषधानं भरलेला. सुरुवातीला वैजूची सनई मला दूर कुठेतरी, विहिरीच्या तळाशी वाजत असल्यासारखी ऐकू येई. चौघडा फळ्यांमधून गालाला कळायचा. पण जसजसे दिवस गेले, कापूस कोरडा निघू लागला, तसतशी ती सनई विहिरीतून एकेक पायरी वर येऊ लागली. आधी नुसता आवाज आला. मग त्याची धार आली. मग एका सकाळी, सूर सोडण्याआधी ती जो एवढासा श्वास घेते, तोही मला ऐकू आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते औषधामुळे असावं, असं मी समजलो.

खाली गावात वेगळंच चाललं होतं. अण्णा खोतांनी मला भर रस्त्यात मिठी मारली.

"दिगू, लेका, तुझा हात सुटला रे! काय वाजवतोस! काल वरच्या सुरावर असा काही थांबलास, की मी दात घासायचा थांबलो. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, पोराला काहीतरी झालंय. प्रेमात बिमात पडलास की काय?"

मी लाजून खाली पाहिलं.

"बघा, बोलतसुद्धा नाही!" अण्णा दुकानदाराला म्हणाले. "कला ही अशी असते."

लाजाळू माणसाची ही एक सोय असते. तो गप्प बसला की लोक त्याला विनय समजतात.

वर तात्यांचंही बदललं होतं. पहिले काही दिवस ते वैजूकडे पाठ करून वाजवत. मग त्यांची पाठ थोडी थोडी वळू लागली. मग ते तिच्या चुका काढू लागले, आणि आमच्या घरात तात्या ज्याच्या चुका काढतात तो त्यांचा लाडका असतो.

"उतरताना खालचा सूर घसरला."

"दादाचा घसरायचा तेव्हा कधी बोलला नाहीत ते!"

"दिगूचा सूर जागेवर असायचा कुठे, घसरायला?"

मी आडवा पडून या दोघांपेक्षाही मोठ्यानं हसलो. हसल्यावर माझंच मला नवल वाटलं. असं काही ऐकल्यावर माणसाला लागायला हवं.

उत्सव तोंडावर आला तसा मी पुन्हा तालुक्याला गेलो. या वेळी एकटाच. डॉक्टर फणसळकरांनी दिवा लावून पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. एक दुपाखी लोखंडी चिमटा टेबलावर आपटून त्यांनी माझ्या डाव्या कानाशी धरला. तो गुणगुणत होता. तो कधी थांबला, हे मी त्यांच्या आधी सांगितलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "कोरडा ठणठणीत. भोक मिटलंय. थेंब बंद करा. हळूहळू फुंकायला लागा. वडिलांना म्हणावं, नवं कातडं न चढवता चौघडा दुरुस्त झाला."

मी आभार मानले. बाहेर आलो. एसटीला वेळ होता, म्हणून स्टँडवर बसून राहिलो. केळीवाला ओरडत होता, कंडक्टर कुणाशी तरी वाद घालत होता, कुठल्याशा गाडीचा दरवाजा खडखडत होता. आणि हे सगळं मला दोन्ही कानांनी ऐकू येत होतं. एवढी चांगली बातमी खिशात असताना माणूस घरी धावत जातो. मी एक गाडी सोडली आणि पुढच्या गाडीनं गेलो.

"काय म्हणाल्या बाई?" तात्यांनी दारातच विचारलं.

"सुधारतोय म्हणाल्या," मी म्हणालो. "पण थेंब अजून काही दिवस चालू ठेवायचे. फुंकायचं नाही."

तात्यांनी मान डोलावली. वैजू तुळशीपाशी दिवा लावत होती. तिनं वात जरा पुढे सारली.

पहाटेचा क्रम तसाच चालू राहिला. वैजू बाटली मुठीत धरून वर येई. मी कुशीवर पडे. थेंब पडत, टोक दाबलं जाई.

"कडू?"

आता कडू लागत नव्हतं. "कडू," असं म्हणून मी तोंड वाकडं करायचो, आणि भात्याला हात घालायचो.

उत्सवाच्या पहिल्या दिवशी देऊळ पहाटेपासूनच माणसांनी भरलं. पताका, तोरणं, मुंबईच्या मंडळींच्या गाड्या. सभामंडपात ते खोकं अजून सुतळीनं बांधलेलं होतं आणि त्याच्यावर कुणीतरी फुलांच्या टोपल्या ठेवल्या होत्या. आम्ही नेहमीसारखे अंधारातच चढलो. वैजूनं शाल बाजूला ठेवली, माझ्या कानावर बाटली दाबली, "कडू?" विचारलं, आणि सनई उचलली.

त्या दिवशी ती जे वाजवत होती ते मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. एवढंच सांगतो की खालचा गलका हळूहळू विरत गेला आणि शेवटी खाली कुणी खोकेनासंही झालं. मी डोळे मिटून भाता हलवत होतो. म्हणूनच जिन्यावरची पावलं मला ऐकू आली नाहीत.

"दिगंबर!" अण्णा खोतांचा आवाज अगदी डोक्याशी आला. "जिंकलंस रे! मंडळी म्हणतायत, आधी त्याला शेला..."

सनई थांबली. तात्यांच्या टिपऱ्या हवेतच राहिल्या. माझा हात मात्र सवयीनं हलतच होता, त्यामुळे त्या शांततेत एकटी सूरपेटीच तेवढी वाजत राहिली.

जिन्याच्या तोंडाशी अण्णा उभे होते. एका हातात शेला, दुसऱ्यात नारळ. त्यांनी वैजूकडे पाहिलं. तिच्या हातातल्या सनईकडे पाहिलं. मग खाली माझ्याकडे.

"आणि हा आडवा कोण?"

"मी, अण्णा."

"ते दिसतंय मला. आडवा का?"

"कानात थेंब आहेत."

अण्णा हळूच खाली बसले. फळ्या करकरल्या. "म्हणजे," ते म्हणाले, "दोन महिने मी गावभर ज्याला मिठ्या मारत फिरलो..."

"तो आडवा होता," वैजू म्हणाली.

तात्या उठून हात जोडू लागले. "अण्णा, माझी चूक. चाकरी जायला नको, म्हणून मीच..."

"थांबा हो." अण्णांनी नारळ मांडीवर ठेवला. त्यांच्या ओठांच्या कडा थरथरत होत्या, पण ते हसले नाहीत. "आधी मला नीट विचार करू द्या. खाली मंडळी म्हणतायत, खोकं परत पाठवा. म्हणजे देवाला सनई पाहिजे, हे ठरलं. आता वाजवणारा मला एक पाहिजे. पारावरच्या म्हाताऱ्यांशी भांडायचं तर एका नावासाठी भांडेन. आज हा, उद्या ती, असं मला मांडता यायचं नाही." ते माझ्याकडे वळले. "दिगू, कान बरा होईपर्यंत तिनं वाजवायचं आणि बरा झाला की तू. मुळात चाकरी तुझी. असंच समजू ना?"

मान हलवणं अगदी सोपं होतं. मी हलवणारच होतो.

"कान बरा झालाय त्याचा," वैजू म्हणाली.

मी उठून बसलो. कानातून काहीच ओघळलं नाही.

"बाटली परवाच संपली, अण्णा. मी रिकामीच दाबते, आणि हा 'कडू' म्हणतो." तिचा आवाज बारीक झाला होता. "मीही बोलले नाही. मला वाजवायचं होतं. पण चाकरी त्याची आहे." तिनं सनई माझ्यापुढे धरली. "घे, दादा."

मी ती घेतली. लाकूड तिच्या बोटांनी उबदार झालं होतं. मग तात्यांनी नाक ओढलं, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमजल्यासारखं पसरत गेलं.

"अरे, अरे, अरे," ते हळवेपणानं म्हणाले. "बहिणीसाठी! बहिणीला वाजवता यावं म्हणून आपली जागा सोडलीस, आणि कुणाला बोललासही नाहीस. तात्या, पोर हिऱ्यासारखं आहे तुमचं." ते उठले आणि शेला उलगडू लागले.

तात्यांचे डोळे भरून आले होते. वैजू माझ्याकडे बघत होती. लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचो, तेव्हा बघायची तशी. "खरंच रे, दादा?" तिनं विचारलं.

त्यांनी माझ्यासाठी जे उत्तर शोधलं होतं, ते माझ्याजवळच्या कुठल्याही गोष्टीपेक्षा सुंदर होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी ते माझं झालं असतं. गप्प बसणं तर मला चांगलं येत होतं. शेला माझ्या खांद्यापर्यंत आला. पण तो घेतला असता, तर वैजू जन्मभर माझ्या उपकाराची सनई वाजवत राहिली असती. मी तिची सनई तिच्या हातात परत दिली.

"तिच्यासाठी नाही, अण्णा."

"मग कशासाठी?"

खाली कुणीतरी घंटा वाजवली. तिचा नाद पूर्ण विरेपर्यंत मी थांबलो.

"मला सनई वाजवायला आवडत नाही," मी म्हणालो. "कधीच आवडली नाही."